शेळीचे दूध आणि वर्षाखालचे मूल

१९२७ सालच्या उन्हाळ्यात प्रकृती ढासळल्यामुळे प्रथम नंदीच्या डोंगरावर व नंतर बंगळूर शहरात विश्रांतीसाठी येऊन राहिलेल्या महात्मा गांधींनी, अंगात थोडे त्राण येताच, आडुगोडीकडील सरकारी दुग्धसंस्थेत जाऊन गोपालनाचे रीतसर पाठ घेतले, ही हकिकत बंगळूरचे जुने रहिवासी अजून अभिमानाने सांगतात. १९२३ साली ‘इंपीरियल’ हे भारदस्त बिरुद लावून स्थापन झालेल्या त्या संस्थेचे मुख्य ठाणे पुढे १९५५ साली कर्नालला गेले आणि आडुगोडीस तिचे दक्षिण विभागीय केंद्र तेवढे उरले. परंतु धवलक्रांतीचे प्रणेते वर्गीज कुरियन यांच्यासारखा माणूसही उमेदवारीच्या काळात तेथेच दुग्धव्यवसायाची बाराखडी गिरवून गेला, यावरून या देशातील दुधाच्या इतिहासात बंगळूरचे स्थान काय, ते ध्यानात यावे. गंमत अशी की, गायींच्या संगोपनाचे धडे घेणारा हा साठीकडे झुकलेला विद्यार्थी स्वतः गायीचे दूध घेत नसे. दूध काढण्यासाठी गायीम्हशींवर होणाऱ्या ‘फुंक्या’च्या क्रूर प्रकाराने व्यथित होऊन त्यांनी दूध वर्ज्य केले होते; आणि १९१९ च्या प्रारंभी मुंबईत शस्त्रक्रियेनंतर, दुधावाचून शरीर भरून येणार नाही असा डॉ. दलालांनी आग्रह धरला तेव्हा, शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचविले की, शेळीच्या दुधास तर तुमची प्रतिज्ञा आड येत नाही. गांधींनी ते मानले, आणि प्रतिज्ञेचे अक्षर राखले तरी तिचा आत्मा गेला, ही रुखरुख आत्मकथेत नमूद करून ठेवली.

शेळीच्या दुधाला इतका थोर पुरस्कर्ता पुन्हा लाभला नाही. परंतु त्या वेळी त्या पुरस्कर्त्याचे वय एकोणपन्नास वर्षांचे होते आणि दुधाच्या जोडीस फळे, सुका मेवा इत्यादी पदार्थ त्याच्या आहारात होते, या दोन गोष्टी त्याचा हवाला देणारे बहुधा विसरतात. प्रौढ माणसास जे मानवले ते पाच महिन्यांच्या अर्भकासही मानवेलच, हे अनुमान तर्कास धरून नाही. आणि प्रस्तुत लेखाचा सारा मामला या एका अनुमानाभोवती फिरतो.

पूर्वी बंगळूरच्या वेशीबाहेर, कनकपुऱ्याच्या नि मागडीच्या रस्त्याने, शेळ्यांचे कळप चारणाऱ्या माणसाकडे लोटी घेऊन गेले म्हणजे ‘मेके हालु’, म्हणजे शेळीचे दूध, मिळे, आणि तेही आजारी माणसाची निकड असली तरच कोणी मागे. आता तेच दूध काचेच्या बाटलीतून घरपोच रतिबाने येते, भुकटीच्या रूपाने डब्यांतून दुकानांच्या फळ्यांवर विराजमान होते, आणि डेंगीची साथ आली की त्याचा भाव कडाडतो; कारण त्याने रक्तातील प्लेटलेट वाढतात अशी लोकांची दृढ समजूत आहे, जिला विश्वसनीय पुराव्याचा आधार मात्र नाही. एखादा पदार्थ महाग झाला की तो गुणकारीही असला पाहिजे, असे मानण्याकडे शहरी मनाचा कल असतोच. त्यातूनच, गायीचे दूध ‘जड’ आणि शेळीचे ‘हलके’, सबब तान्ह्या मुलाला शेळीचेच द्यावे, हा सल्ला आज व्हाइटफील्ड-बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींतून फिरू लागला आहे.

शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहरात मराठी कानी पडत आली आहे. संगणकाच्या उद्योगामागे येथे आलेल्या मराठी कुटुंबांनी तिच्यात अलीकडे मोठी भर घातली, आणि नातवंड झाले की त्या कुटुंबांच्या मदतीस सोलापूर-बार्शीकडून आजीबाई येऊन दाखल होतात. मग स्वयंपाकघरात जो संवाद घडतो तो ठरलेला असतो. “अगं, तुझ्या नवऱ्याला मी चौथ्या महिन्यापासून दारच्या शेळीच्या दुधावर वाढवला, काही बिघडलं का त्याचं?” असे आजी म्हणतात, आणि सून, “तसं नाही आई, पण डॉक्टर वर्षाच्या आत नको म्हणालेत,” असे हळूच सांगून बोंडले पुन्हा कपाटात ठेवते. आजींचा अनुभव खोटा नसतो. परंतु त्यांच्या मुलाच्या पोटात चौथ्या महिन्यापासून आईचे दूधही थोडेबहुत जातच होते, पुढे वरणाचे पाणी, भाताची पेज, पालेभाजीचा रस हेही गेले होते. आणि ज्यांना असे काहीच न मिळता निव्वळ वरच्या दुधावर राहावे लागले त्यांपैकी जी मुले तगली नाहीत, ती साक्ष देण्यास आज हजर नाहीत.

आजींच्या पाठीशी परंपरेचा मोठा आधार आहे, हेही कबूल केले पाहिजे. आयुर्वेदाने अजादुग्धाची स्तुती मुक्तकंठाने केली आहे: ते लघु, शीत व ग्राही, क्षय, कास, अतिसार, रक्तपित्त यांवर हितकर. त्याचे कारणही प्राचीनांनी मोठ्या रसिकतेने सांगितले आहे, की शेळी शरीराने लहान, तिखट-कडू पाला खाणारी, पाणी थोडे पिणारी आणि दिवसभर डोंगर हिंडणारी, म्हणून तिचे दूध सर्व व्याधी हरण करणारे. इतकेच काय, वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, स्तन्याचा अभाव असेल तेव्हा बालकास शेळीचे अथवा तशाच गुणांचे गायीचे दूध लघुपंचमुळासारख्या औषधींनी संस्कारित करून द्यावे, अशी स्पष्ट तजवीज सांगितली आहे. मात्र वाग्भटापुढचा प्रश्न आई नाही आणि धात्रीही नाही, आता हे मूल जगवावयाचे कसे, असा होता. संकटसमयीच्या त्या उपायाचे, सोय व पर्याय दोन्ही मुबलक असलेल्या घरात, शिरस्त्यात रूपांतर करणे ही वाग्भटाची आज्ञा नव्हे.

शेळीचे दूध ‘हलके’ म्हणतात त्यात तथ्य नाही असे नाही. त्यातील स्निग्धकण गायीच्या दुधातल्यापेक्षा बारीक असतात आणि त्यांना एकत्र गोळा करणारा घटक त्यात जवळजवळ नसतो, म्हणून ते तासन्‌तास ठेवले तरी वर मलईचा थर स्वच्छ वेगळा होत नाही. पोटात गेल्यावर त्याचे दही मऊ नि विरळ बनते, आणि ते लवकर पचते. त्याला जो एक विशिष्ट उग्र वास येतो तो त्यातील लहान साखळीच्या स्निग्धाम्लांचा, आणि दूध काढताना बोकड जवळपास बांधलेला असला तर तो अधिकच. जाणती बाई भांडे तोंडाशी नेताच बोकड कोठे बांधला होता ते सांगते. शर्करेच्या बाबतीत मात्र दोन्ही दुधांत फारसे अंतर नाही. दुधातील शर्करा न पचणाऱ्यास शेळीचे दूध चालते, हा समज म्हणूनच निराधार आहे.

मुख्य न्यून आहे ते अन्यत्र, आणि त्याचा शोध लागला त्यात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत जर्मनी, इटली आदी देशांतील वैद्यांना असे दिसून येत होते की, केवळ शेळीच्या दुधावर वाढविलेली काही अर्भके फिकट, निस्तेज, मलूल होतात, आणि त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या झालेल्या असतात. तेथे या विकारास ‘शेळीदुधाचा पांडुरोग’ अशाच अर्थाचे नाव पडले. कारण मात्र उमगेना. इकडे १९२८ साली डॉ. लुसी विल्स नावाची एक इंग्रज विदुषी मुंबईस आली, आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना ग्रासणाऱ्या, मोठ्या पेशींच्याच पण भलत्याच घातक अशा पांडुरोगाचा पाठपुरावा करू लागली. त्या स्त्रियांच्या ताटात काय आहे आणि काय नाही, इथपासून तिने चौकशी केली. प्रयोगशाळेत उंदरांवर नि माकडांवर प्रयोग केले. आणि अखेरीस, मार्माइट नावाच्या स्वस्त अशा यीस्टच्या अर्काने हा रोग हटतो, हे १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कात गुण करणारे द्रव्य कोणते ते तिलाही ठाऊक नव्हते, म्हणून कित्येक वर्षे ते ‘विल्स घटक’ या नावानेच ओळखले जाई. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पाल्यातून ते वेगळे करण्यात आले, त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले, आणि १९४५ च्या सुमारास लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने बनविणाऱ्या पथकाचा प्रमुख होता भीमावरमचा यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळ-लालबागच्या गिरणकामगार स्त्रियांचे दुःख आणि युरोपातील शेळीच्या दुधावर पोसलेल्या बाळांचे दुःख एकाच अभावाची दोन रूपे होती, हे तेव्हा कोठे उलगडले.

शेळीच्या शंभर ग्रॅम दुधात या फॉलेटचे प्रमाण अवघे १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. गायीच्या दुधात व आईच्या दुधात ते सुमारे पाचपट. सहा महिन्यांच्या आतील बालकास दिवसाला ६५ मायक्रोग्रॅम मिळावे असे अमेरिकी मानक आहे, आणि असे बालक दिवसभरात पाऊण लिटर शेळीचे दूध प्यायले तरी त्याच्या पदरात सात-आठच पडणार. त्यातलेही काही दूध उकळताना नष्ट होणार. पेशींची विभागणी ज्या काळात अतिवेगाने चाललेली असते त्याच काळातला हा तुटवडा आहे.

दुसरी अडचण उणिवेची नसून आधिक्याची आहे. करडाचे जन्माचे वजन तीनएक आठवड्यांत दुप्पट होते, मानवी बालकास त्याच मजलीस पाचएक महिने लागतात. साहजिकच करडासाठी सिद्ध झालेल्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या तिपटीहून अधिक, पोटॅशियम चौपट, सोडियम तिपटीच्या घरात आणि फॉस्फरस तर सात-आठपट असतो. हा सारा जादा क्षारभार लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम अर्भकाच्या अपक्व मूत्रपिंडांवर पडते, आणि त्याला जुलाब लागले वा ताप आला, शरीरातील पाणी उतरले, म्हणजे रक्तातील क्षार धोक्याच्या पातळीस जाऊ शकतात. यावर घरोघर योजिला जाणारा उपाय म्हणजे दुधात पाणी घालणे; पण त्याने क्षार उतरतात तसे पोषणही उतरते, आणि मूल पोट भरून उपाशी राहते. पाणी घातले म्हणून साखर, साखर नको म्हणून मध, असे एकावर एक उपाय चढत जातात. यांतील मध तर वर्षाखालच्या मुलास चाटवणेही घातक ठरू शकते, कारण त्यातून बोट्युलिझमचे विष निर्माण करणाऱ्या जंतूंचे बीज त्याच्या आतड्यात रुजण्याचे भय असते.

म्हणून बालरोगतज्ज्ञांची ताकीद सरळ आहे: पहिले सहा महिने आईचे दूध, दुसरे काहीही नाही, पुढे त्याच्या जोडीस घरचे मऊ अन्न, आणि कोणत्याही जनावराचे दूध मुख्य पेय म्हणून देणे वर्ष उलटल्यावर. आईचे दूध अजिबात न मिळणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जनावराच्या दुधासही मुभा दिली आहे, हे खरे. पण ती मुभा लोहयुक्त पूरक आहाराच्या भरवशावर आहे, आणि तिचा उपयोग डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. आईला दूध येत नाही असे वाटले तर पहिली धाव शेळीकडे नव्हे, स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या परिचारिकेकडे वा डॉक्टरकडे घ्यावी. अपुऱ्या दिवसांच्या नि दुर्बळ बालकांसाठी मातृदुग्धपेढीची सोय आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली अशी पेढी सुरू केली.

दुकानातील डब्यांविषयी येथेच सांगून टाकतो. शेळीच्या दुधापासून बनविलेले, परंतु फॉलेट, लोह, जीवनसत्त्वे घालून व क्षारांचे प्रमाण उतरवून खास अर्भकांसाठी सिद्ध केलेले दूध ही एक वस्तू. २०१२ साली युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने शेळीच्या दुधातील प्रथिने अशा दुधासाठी योग्य ठरविली. नुसती वाळवलेली शेळीच्या दुधाची भुकटी ही अगदी निराळी वस्तू. दोन्ही डब्यांवर गोंडस करडाचे चित्र असू शकते, आणि घाईत ग्राहक चित्र पाहतो, मजकूर वाचत नाही. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने, व २००३ च्या दुरुस्तीने अधिक कडकपणे, दोन वर्षांखालील मुलांच्या दुग्धपर्यायांची जाहिरात करण्यास मनाई आहे. पण साध्या भुकटीचा विक्रेता ‘सर्व वयोगटांसाठी’ असे मोघम लिहून त्या कायद्याच्या कुंपणाबाहेरून जातो, हे पाहून त्याच्या चातुर्याचा राग येतो.

निरशा दुधाचा मोह तर कटाक्षाने टाळावा. धारोष्ण दूध अमृततुल्य, असे म्हणणाऱ्यांनी माल्टा बेटाची कथा ऐकावी. तेथील ब्रिटिश सैनिकांना वर्षानुवर्षे एक चिवट, उलटसुलट चढणारा ताप छळीत असे; डेव्हिड ब्रूस याने १८८७ साली त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कोठून हे १९०५ पर्यंत कळले नव्हते. त्या साली थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्याच वैद्याने दाखवून दिले की, रोज सकाळी दारोदार हिंडून ताजे दूध पुरविणाऱ्या, दिसायला धडधाकट अशा शेळ्याच त्या रोगाच्या वाहक आहेत. सैनिकांना ते दूध बंद करताच ताप ओसरला. हाच तो ब्रुसेलोसिस. तो आपल्याकडच्या शेळ्यांतही आहे. तेव्हा सुटे दूध आणले तर ते ढवळत ढवळत चांगले उकळी फुटेपर्यंत तापवावे, लगेच थंड करून झाकून शीतकपाटात ठेवावे, आणि मुलाला बाटलीऐवजी वाटी-चमच्याने वा पेल्याने पाजावे.

वर्ष पुरे झाले, मूल घरचे जेवण जेवू लागले, की चित्र पालटते. मग हेच दूध, ज्याचे आतापर्यंत दोष मोजले, एक चांगले अन्न ठरते. प्रारंभ सकाळच्या वेळी दोन-तीन चमच्यांनी करावा, म्हणजे काही झालेच तर दिवसाउजेडी डॉक्टर गाठता येतो. त्याच दोनतीन दिवसांत दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नये. अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, वारंवार ओकारी, शौचात रक्त यांपैकी काही दिसले तर दूध थांबवून डॉक्टरांस दाखवावे, आणि श्वास लागला तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. काही न झाल्यास प्रमाण हळूहळू वाढवावे, पण दिवसाकाठी अर्ध्या लिटरच्या आतच ठेवावे. दुधाने पोट भरलेले मूल पोळीकडे वळत नाही, आणि कोणत्याही दुधात लोह नावापुरतेच असते. बंगळूरच्या मुलांची एक मोठी सोय आहे. येथे रागीची सरी, म्हणजे आपले नाचणीचे सत्त्व, हे बाळाचे परंपरागत अन्न; आणि भाजीबाजारात पालक, मेंथ्या, दंटू अशा ‘सोप्पुं’च्या, म्हणजे पालेभाज्यांच्या, जुड्यांचे ढीग लागलेले असतात. सरीत शेळीचे दूध आणि जेवणात सोप्पूचे सारू व मुगाचे वरण असे जमले की, दुधातल्या फॉलेटची उणीव भाजीपाला व डाळी भरून काढतात.

शाकाहारी घरांना मात्र एक अधिक सूचना द्यावीशी वाटते, कारण ती सहसा कोणी देत नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्या मुलास ते दुधातूनच मिळावयाचे, आणि शेळीच्या दुधात ते गायीच्या दुधाच्या मानाने पाचवा-सहावा हिस्साच असते. असे मूल गायीचे दूध सर्वस्वी सोडून शेळीच्या दुधावर आले तर डॉक्टरांशी बी-१२ विषयी बोलून घेतलेच पाहिजे.

आणि ज्या मुलास गायीच्या दुधाचे वावडे आहे, त्याचे काय? या एका कारणासाठीच अनेक पालक शेळीकडे वळतात, आणि नेमके येथेच ती उपयोगी पडत नाही. दोन्ही दुधांतील प्रथिनांची ठेवण इतकी मिळतीजुळती असते की, गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहांतील नऊ मुलांना शेळीचे दूधही बाधते. अशा मुलावर घरी प्रयोग करू नये. करणे असेल तर तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. याला जोडून बाजाराचीही एक बाब ध्यानात ठेवावी लागते. शेळीचा दुधाळ काळ आटोपशीर, तिचे दूध थोडे, त्यावर करडांचा पहिला हक्क. देशाच्या एकूण दुधात शेळीचा वाटा शेकडा तीन-चारच आहे. मागणी वाढली आणि शेळ्या आटल्या की रतिबाचे माप पुरे करण्यासाठी त्यात गायीचे दूध मिसळले जाण्याचा संभव असतो, आणि ते वासावरून ओळखणारी आजी प्रत्येक घरी नसते. ज्याला गायीचे दूध अजिबात चालत नाही त्याच्यासाठी ही भेसळ निव्वळ पैशाची फसवणूक राहत नाही. तेव्हा दूध कोठल्या कळपाचे, वर्षभर सारखेच माप कसे मिळते, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत आले तर रतीब बंद करावा.